सायकलची सीट : मऊ नको, मापाची हवी

सायकलीला पुन्हा बरे दिवस आले आहेत. पूर्वी ती गरजेची सवारी होती. कापडाचे गाठोडे कॅरिअरला बांधून गावोगाव फिरणारा फेरीवाला, दूधवाला, पोस्टमन, गिरणीचा कामगार यांचे पोट तिच्यावर चालत असे. आता साखरेचा किंवा रक्तदाबाचा त्रास असलेल्यांना डॉक्टर सायकल चालवायला सांगतात, आणि तरुण मंडळी रविवारी पहाटे साठ-ऐंशी किलोमीटरची रपेट मारून येतात. परंतु मोठ्या हौसेने घेतलेल्या पुष्कळ सायकली दोन-तीन महिन्यांतच जिन्याखाली धूळ खात पडतात. कारण विचारले तर वेळ नाही, रहदारी फार, गुडघे दुखतात अशी उत्तरे मिळतात. जरा खोदून विचारले की खरी गोष्ट बाहेर येते. सीटवर बसवत नाही! लाजेपायी कोणी बोलत नाही, आणि बोलत नाही म्हणून इलाजही होत नाही.

हा विषय व्यापाराच्या पानावर कशाला, असे कोणी विचारील. त्याला दोन कारणे आहेत. एक म्हणजे आपण दुकानदार गादीवर आणि आपले कारागीर मशीनवर किंवा मागावर दिवसभर बसून असतात. चालणे-फिरणे नाही म्हणून आजार जडतात, आणि त्यावर सायकल हा स्वस्त उपाय आहे. आमच्या शेजारच्या एका दर्जी बांधवाला डॉक्टरांनी सायकल सांगितली. दुकानदाराने ‘एकदम आरामाची’ म्हणून जाड गादीची सीट बसवून दिली. महिनाभरात मांड्यांना चट्टे पडले, मुंग्या येऊ लागल्या आणि सायकल बंद झाली. साखर मात्र बंद झाली नाही. दुसरे कारण असे की, या प्रश्नात आपल्या सायकल मिस्त्रीला, दर्ज्याला आणि सीट कव्हर शिवणाऱ्याला काम आहे. ते त्यांनी ओळखलेले नाही.

नगर ते राळेगणसिद्धी

सीटची परीक्षा दुकानासमोर एक फेरी मारून होत नाही. पहिले पाच किलोमीटर कोणतीही सीट बरीच वाटते. खरा फरक वीस-पंचवीस किलोमीटरनंतर कळतो. आमच्याकडची मंडळी त्यासाठी अहिल्यानगर, म्हणजे आपले जुने नगर, ते राळेगणसिद्धी हा रस्ता धरतात. केडगाव सोडले की कामरगावचा घाट लागतो, मग सुपे येते, आणि पुढे वाडेगव्हाण फाट्यावरून आत वळले की राळेगण. जाताना सुमारे ४० किलोमीटर आणि तितकेच येताना. चढ आहे, उतार आहे, सपाट रस्ता आहे आणि उन्हात वाराही आहे. सुप्यापर्यंत जी सीट गप्प बसते आणि परतीच्या घाटातही कुरकुर करीत नाही, ती तुमची सीट समजावी.

पारनेर तालुक्यातले हे गाव अण्णा हजारे यांच्यामुळे देशाला माहीत झाले. १९७५ नंतर तिथे नालाबांध, समतल चर आणि झाडे लावून पावसाचे पाणी जमिनीत जिरवले गेले. असे काम करताना उतार आणि पातळी आधी मोजावी लागते, फावडे त्यानंतर. सीटच्या बाबतीत आपण उलटे करतो. आधी पैसे खर्च करतो, माप कधीच घेत नाही.

माप कशाचे घ्यायचे?

माणूस बसतो तेव्हा त्याचे वजन कमरेच्या हाडाच्या खालच्या दोन टोकांवर येते. कडक बाकावर बसून हात खाली घातला तर ही दोन हाडे सहज लागतात. ही हाडे वजन पेलण्यासाठीच आहेत. त्यांच्या मधला भाग मात्र नाजूक आहे. तिथून नसा आणि रक्तवाहिन्या जातात. चांगल्या सीटचे काम एवढेच की, वजन दोन हाडांवर ठेवायचे आणि मधल्या भागावर येऊ द्यायचे नाही.

या दोन हाडांमधले अंतर प्रत्येकाचे वेगळे असते. जाड माणसाचे जास्त आणि बारीक माणसाचे कमी, असा हिशेब इथे चालत नाही. बायकांचे अंतर सर्वसाधारणपणे पुरुषांपेक्षा थोडे जास्त असते. माप घेण्याला एक पैसा लागत नाही. मालाच्या खोक्याचा नालीदार पुठ्ठा घ्या. तो कडक स्टुलावर किंवा पायरीवर ठेवा. त्यावर पातळ कपड्यानिशी बसा, थोडे पुढे वाका आणि टाचा उचला. अर्ध्या मिनिटाने उठून पाहिले तर पुठ्ठ्यावर दोन खळगे दिसतील. दोन्ही खळग्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंत टेपने माप घ्या. समजा ते ११० मिलिमीटर आले, तर त्यात २० ते ३० मिळवा. म्हणजे मागच्या बाजूला १३० ते १४० मिलिमीटर रुंद सीट पाहावी. ताठ बसून चालवणाऱ्याने याहून रुंद घ्यावी. हँडलवर वाकून चालवणाऱ्याला थोडी अरुंद चालते, कारण वाकल्यावर वजन हाडांच्या पुढच्या, जवळजवळ असलेल्या भागावर येते.

सदरा शिवताना दर्जी छाती मोजतो, खांदा मोजतो. ज्यावर तीन-चार तास सगळा देह तोलायचा ती सीट मात्र आपण अंगठ्याने दाबून पसंत करतो.

मऊपणाचा फसवा आराम

अंगठ्याने दाबल्यावर आत जाणारी सीट चांगली, हा समज गिऱ्हाइकाचा आहे आणि विकणाऱ्याच्या सोयीचाही आहे. होते असे की, जाड फोममध्ये किंवा जेलमध्ये दोन्ही हाडे रुततात आणि मधला फोम फुगून वर येतो. ज्या भागावर भार नको तिथेच तो दाबतो. म्हणून मुंग्या येतात, बधिरपणा येतो. बाजारात किंवा मशिदीपर्यंत जाण्यापुरती मऊ सीट ठीक आहे. चाळीस किलोमीटरला नाही.

बधिरपणा ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नव्हे. अमेरिकेत कामगारांच्या आरोग्याचा अभ्यास करणारी नायोश ही सरकारी संस्था आहे. सायकलवर गस्त घालणाऱ्या ९० पोलिसांचा तिचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यांना सहा महिने पुढचे नाक नसलेली सीट देण्यात आली होती. मागच्या सहा महिन्यांत नाजूक भागाला बधिरपणा आला नाही असे सांगणारे आधी २७ टक्के होते, ते नंतर ८२ टक्के झाले. सर्वांनी नाक कापलेली सीट घ्यावी, असा याचा अर्थ आम्ही काढत नाही. त्रासाचे मूळ पुढच्या आणि मधल्या दाबात आहे, एवढे यातून घ्यावे. मधोमध खाच किंवा लांबट पोकळी ठेवलेल्या सीटा याच कारणाने निघाल्या. बधिरपणा उतरल्यावरही राहत असेल तर सायकल थांबवून डॉक्टरांना दाखवावे.

चामड्याच्या सीटचा धडा

आमच्या वयाच्या वाचकांना जुन्या काळ्या सायकली आठवत असतील. त्यांना चामड्याची, खाली स्प्रिंगा असलेली सीट असे. पुढे फोम आणि रेक्झिन आले, माल स्वस्त झाला आणि चामडे मागे पडले. परंतु लांब पल्ल्याच्या सायकलस्वारांनी ते पुरते सोडलेले नाही. इंग्लंडातील बर्मिंगहॅम येथे १८६६ साली ब्रुक्स नावाची पेढी सुरू झाली. आधी तिचे काम घोड्याच्या सामानाचे होते, पुढे ती सायकलच्या सीटकडे वळली. तिची बी-१७ ही सीट शंभराहून अधिक वर्षे विकली जात आहे.

अशा सीटमध्ये फोम नसतोच. जाड चामडे पुढच्या व मागच्या लोखंडी टोकांमध्ये झोळीसारखे ताणलेले असते. काहीशे किलोमीटर चालवल्यावर चामडे मालकाच्या हाडांप्रमाणे बसते, जशी नवी चप्पल पायाला बसते. ढिले झाले तर नाकाखालचा बोल्ट थोडा आवळतात. मात्र हाडे मागच्या लोखंडी पट्टीवर येता कामा नयेत, म्हणून ही सीट फोमच्या सीटपेक्षा रुंद असते. बी-१७ ची रुंदी सुमारे साडेसतरा सेंटिमीटर आहे. पावसात भिजली तर चामडे ताण सोडते. तेल चोपडले तरी तेच होते. किंमतही हजारोंच्या घरात आहे. सर्वांनी ती घ्यावी असे नाही, पण कठीण सीट योग्य मापाची असेल तर ती मऊ सीटपेक्षा जास्त आराम देते, हा तिचा धडा प्रत्येकाच्या उपयोगाचा आहे.

बसवणी : पाणसळ लावा

योग्य सीटही वाकडी बसवली तर त्रास देते. उंची आधी पाहा. टाच पायडलवर ठेवून पायडल तळाला नेले की पाय सरळ व्हावा. मग पंजाने चालवताना गुडघ्यात थोडा बाक राहतो. सीट फार उंच असेल तर कंबर डावी-उजवीकडे हलते आणि मांड्या घासतात. फार खाली असेल तर पाय वजन उचलत नाहीत, सगळा भार सीटवर येतो आणि गुडघेही दुखतात.

त्यानंतर सीटवर सरळ फळी ठेवून तिच्यावर गवंड्याची स्पिरिट लेव्हल लावा. सुरुवात नेहमी सपाट करावी. समतल चर पातळीत नसला तर पाणी एका टोकाला धावते आणि बांध फोडते. सीटवरच्या वजनाचेही तसेच आहे. नाक वर असले तर नाजूक भागावर दाब येतो. नाक फार खाली असले तर माणूस पुढे घसरतो आणि तळहात दुखतात. बदल करायचा तो केसभर करावा, एका वेळी एकच करावा, आणि मग वीस किलोमीटर चालवून पाहावे. शिवाय दर दहा-पंधरा मिनिटांनी थोडा वेळ पायडलवर उभे राहावे. रक्त फिरते.

कपड्याचा वाटा

आम्ही कापडाचे व्यापारी, म्हणून ही बाब आमच्या हाताखालची आहे. पुष्कळदा दोष सीटचा नसतो, शिवणीचा असतो. जीनच्या पँटमध्ये चार शिवणी बरोबर बैठकीखाली एका जागी मिळतात आणि तिथे कापडाचे अनेक थर होऊन गाठ तयार होते. तीन तास त्या गाठीवर बसल्यावर कातडी सोलली जाणारच. आपल्या जुन्या दर्ज्यांनी यावर फार पूर्वी उपाय काढला होता. पायजम्याला मियानी लावतात, तिच्यामुळे शिवणी एका ठिकाणी मिळत नाहीत, बाजूला सरकतात.

सुती कापड घाम धरून ठेवते, आणि ओले कापड कातडी घासते. म्हणून सायकलस्वारांची आतली चड्डी नायलॉन किंवा पॉलिएस्टरमध्ये लायक्रा मिसळलेल्या, घाम लवकर सुकणाऱ्या कापडाची असते. तिच्या बैठकीला बिनशिवणीचे पॅड असते. पूर्वी ते मऊ कमावलेल्या चामड्याचे असे, आता कृत्रिम कापडाचे असते. ही चड्डी थेट अंगाला लागून घालायची, खाली दुसरे अंतर्वस्त्र नको, कारण दुसरे वस्त्र म्हणजे पुन्हा शिवण. ज्यांना घट्ट चड्डीत रस्त्यावर निघणे प्रशस्त वाटत नाही, त्यांनी वरून सैल पायजमा किंवा सलवार घालावी आणि साखळीच्या बाजूचा पायचा पट्टीने बांधावा. आमच्या मते पर्दानशीन बहिणींनाही ही तऱ्हा सोयीची आहे.

कारागिरांनी काय करावे?

आज गिऱ्हाईक मोबाइलवर सीट मागवतो, पटली नाही की दुसरी मागवतो आणि कंटाळून सायकल विकतो. मिस्त्रीच्या वाट्याला फक्त पंक्चर येते. हे बदलता येईल. दुकानात पुठ्ठा, टेप आणि लेव्हल ठेवा. माप घेण्याचे आणि बसवून देण्याचे वेगळे पैसे सांगा, गिऱ्हाईक खुशीने देईल. दोन-तीन रुंदीच्या जुन्या सीटा ठेवून आठवडाभर चालवायला द्या. पुष्कळ नव्या सीटांच्या खालच्या सळया ७ मिलिमीटर जाडीच्या असतात आणि जुन्या सायकलीचा क्लॅम्प वेगळा असतो. सीट विकण्याआधी हे जुळते का ते पाहा.

मोटारसायकलची सीट शिवणाऱ्यांनी सायकलसाठी पातळ आणि कठीण फोम वापरून पाहावा, आणि हाडे टेकतात तिथून शिवण नेऊ नये. दर्जी बांधवांनी बिनशिवणीच्या बैठकीची चड्डी आणि मियानीचा पायजमा यांचा विचार करावा. कानपूरची घोड्याची खोगिरे परदेशात जातात. ज्या हुन्नराने घोड्याच्या पाठीवर माणूस आरामात बसतो, तो सायकलच्या सीटला परका नाही.

गिऱ्हाईक सीट दाबून ‘मऊ आहे ना?’ असे विचारील. त्याला पुठ्ठ्यावर बसवा, त्याचे माप त्याला दाखवा आणि मगच माल काढा. जो दुकानदार हे करील त्याच्याकडचे गिऱ्हाईक पंक्चरपुरते राहणार नाही. आणि डॉक्टरांनी सांगितलेली सायकल जिन्याखाली न जाता रस्त्यावर राहील.