जिप्सीला मोठे टायर टाकायचेत? दुकानात जाण्याआधी ही आकडेमोड करा

भिंगार हे छावणीचं गाव. लष्करी वाहनांची चाचणी घेणारी डीआरडीओची संस्था, म्हणजे व्हीआरडीईही अहिल्यानगरमध्येच आहे. त्यामुळे हिरव्या रंगाची मारुती जिप्सी इथल्या माणसाला नवी नाही. १९८५ साली बाजारात आलेली ही गाडी लष्कराने अनेक दशकं वापरली. सेवेतून काढलेल्या जिप्सी लिलावात निघतात आणि हौशी तरुणांपासून शेतकऱ्यांपर्यंत अनेकांकडे पोहोचतात.

गाडी घरी आली की पहिला खर्च बहुतेक वेळा टायरचा असतो. त्यावर ठरलेला सल्लाही मिळतो, "२३५ चे टाका, गाडी रुबाबदार दिसेल." दिसते हे खरं. पण साधारण हजार किलो वजनाच्या छोट्या गाडीवर टायरचा आकार बदलला की ब्रेक, गिअर, स्पीडोमीटर आणि स्टिअरिंग या सगळ्यांवर परिणाम होतो. म्हणून आधी आकडे समजून घेऊया.

टायरवरचे आकडे काय सांगतात?

जिप्सी किंगच्या रेडियल टायरवर '२०५/७० आर१५' असं लिहिलेलं असतं.

- २०५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये.
- ७० म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची, रुंदीच्या ७० टक्के. इथे ती १४३.५ मिमी होते.
- आर म्हणजे रेडियल.
- १५ म्हणजे रिमचा व्यास, इंचात. मिलिमीटरमध्ये तो ३८१ होतो.

वरची भिंत, खालची भिंत आणि मध्ये रिम अशी बेरीज केली की टायरची पूर्ण उंची मिळते. १४३.५ + १४३.५ + ३८१ = ६६८ मिमी. हाच आपला मूळ आकडा. बाकी सगळे टायर याच्याशी ताडून बघायचे.

मोठ्या टायरने गाडी किती उंच होते?

१५ इंची रिमवर बसणारे तीन पर्याय बघूया.

- १९५/८० आर१५: उंची ६९३ मिमी, मूळ टायरपेक्षा ३.७ टक्के जास्त
- २१५/७५ आर१५: उंची सुमारे ७०४ मिमी, ५.३ टक्के जास्त
- २३५/७५ आर१५: उंची सुमारे ७३४ मिमी, ९.८ टक्के जास्त

इथे एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. टायर ६५ मिमीने उंच झाला म्हणून गाडी ६५ मिमीने वर जात नाही. अ‍ॅक्सल चाकाच्या मधोमध असतो, त्यामुळे वाढलेल्या उंचीचा अर्धाच भाग पदरात पडतो. २३५ च्या टायरने गाडी जेमतेम ३३ मिमी उचलली जाते, २१५ ने १८ मिमी आणि १९५ ने १२ मिमीच्या आसपास.

तरीही या मिलिमीटरना किंमत आहे. जिप्सीला पुढे-मागे सलग अ‍ॅक्सल आहेत आणि त्यातला डिफरन्शियलचा गोल भाग जमिनीच्या सगळ्यात जवळ असतो. दगडाला आधी तोच लागतो. पाटे बदलून गाडीची बॉडी कितीही उचला, डिफरन्शियल होता तिथेच राहतो. त्याला वर उचलतो तो फक्त मोठा टायर.

मग सगळ्यात मोठा टायर का नको?

टायर ९.८ टक्के मोठा झाला की चाकाच्या एका फेरीत गाडी तेवढंच जास्त अंतर कापते. स्पीडोमीटरला हे कळत नाही, तो फेऱ्या मोजतो. मूळ टायरवर काटा ८० वर असताना गाडी ज्या वेगाने जायची, तो वेग ८० धरला, तर २३५ च्या टायरवर त्याच काट्याला तो जवळपास ८८ असतो. किलोमीटरची नोंदही कमी होते. गाडी १०० किमी धावली तर मीटर ९१ च दाखवतो. "मोठे टायर टाकले आणि अ‍ॅव्हरेज पडलं" या तक्रारीतला काही भाग या चुकलेल्या नोंदीचाच असतो. उरलेला भाग मात्र खरा. टायर जड असतो आणि तो फिरवायला पेट्रोल लागतं.

दुसरा परिणाम इंजिनवर. मोठं चाक म्हणजे प्रत्येक गिअर थोडा वरचा झाल्यासारखं. चढावर पहिल्या गिअरमध्ये मिळणारी ओढ सुमारे ९ टक्क्यांनी कमी होते आणि क्लच जास्त घासला जातो.

तिसरा परिणाम सगळ्यात गंभीर, तो ब्रेकवर. ब्रेक तेच, पण थांबवायचं चाक मोठं आणि जड. भिंगारहून पाथर्डीकडे जाताना करंजी घाट लागतो. असा घाट भरलेल्या गाडीने उतरताना खालच्या गिअरचा धरही कमी मिळतो आणि ब्रेकवरचा ताणही वाढतो. ३३ मिमी उंचीसाठी ही किंमत मोजायची का, हे आधी ठरवायला हवं.

रुंद टायर चांगला की अरुंद?

मोकळ्या वाळूत रुंद टायरचा फायदा होतो, कारण वजन पसरतं आणि चाक रुतत नाही. नगर जिल्ह्यात मात्र वाळूपेक्षा मुरूम, दगड आणि पावसाळ्यातली काळी माती जास्त. वर चिखलाचा थर आणि खाली मुरूम असेल, तर अरुंद टायर चिखल कापत खालच्या टणक थरापर्यंत पोहोचतो. रुंद टायर वरच्या थरावर घसरत राहतो. ओल्या डांबरी रस्त्यावरही अरुंद टायर पाणी लवकर बाजूला सारतो.

खोल काळ्या रानात मात्र कोणताच आकार कामाला येत नाही. चिकट माती नक्षीत भरली की चारही चाकं गुळगुळीत होतात. तिथे गाडी न घालणं हाच उपाय.

हलक्या गाडीला उंच पण अरुंद टायर शोभतो, हे कंपनीच्याच निवडीतून दिसतं. २०२३ मध्ये भारतात आलेल्या मारुती जिम्नीला १९५/८० आर१५ टायर आहेत. महिंद्रा थारचे टायर २४५ किंवा २५५ रुंदीचे असतात, पण ती गाडी बरीच वजनदार आहे. थारचा टायर बघून जिप्सीचा टायर ठरवणं म्हणजे पैलवानाचे जोडे शाळकरी पोराच्या पायात घालणं.

खरेदीआधी काय तपासाल?

रिमची रुंदी: २३५/७५ आर१५ या टायरला किमान ६ इंच रुंद रिम लागते. जिम्नीची रिम साडेपाच इंच आहे, म्हणजे तिच्यावर हा टायर नियमात बसत नाही. तुमच्या जिप्सीची रिम दुकानात मोजून घ्या.

घासणं: स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून टायर पाट्याला किंवा मडगार्डला लागतो का ते बघा. उभ्या गाडीवर न लागणारा टायर खड्ड्यात पाटे दबल्यावर लागू शकतो.

पाचही सारखे: फोर बाय फोर गाडीत पुढचे आणि मागचे टायर वेगळ्या उंचीचे असतील, तर ट्रान्सफर केसवर ताण येतो. स्टेपनीही त्याच आकाराची हवी.

वजनाचा आकडा: आकारानंतर '९६ एस' असं काही लिहिलेलं असतं. ९६ म्हणजे एका टायरची क्षमता ७१० किलो, एस म्हणजे ताशी १८० किमीपर्यंत वेग. मूळ टायरपेक्षा कमी आकडा घेऊ नका.

टायरचं वय: बाजूवर चार अंक असतात. '२२२३' म्हणजे २०२३ सालचा २२ वा आठवडा. लिलावातली गाडी बरेच दिवस उभी असू शकते. नक्षी शाबूत दिसली तरी रबर कडक झालेलं असतं.

कागद: मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही. मूळ आकार सोडण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनीला विचारून घ्या. वाद अपघातानंतरच्या दाव्यात उभा राहतो.

शेवटी कोणता घ्यायचा?

गाडी बहुतेक वेळ डांबरी रस्त्यावर आणि अधूनमधून शेताच्या वाटेवर चालणार असेल, तर मूळ २०५/७० किंवा फार तर १९५/८०, तेही ऑल-टेरेन नक्षीचे. दर आठवड्याला डोंगरवाटा तुडवायच्या असतील, तर २१५/७५ ही शहाणपणाची मर्यादा. २३५ साठी रिम, पाटे आणि ब्रेक या तिन्हींचा खर्च आधीच हिशेबात धरा.

आकार बदलण्याआधी एक फुकटचा उपाय करून बघा. कच्च्या रस्त्यावर हवा १८ ते २० पीएसआयपर्यंत उतरवा आणि गाडी हळू चालवा. टायर जमिनीवर लांबट पसरतो आणि पकड लगेच वाढते. डांबरी रस्त्यावर येताच हवा पुन्हा पूर्ण भरा, कारण कमी हवेत वेगाने पळवलेला टायर तापून फुटू शकतो. हवा भरायचा छोटा पंप चार टायरपेक्षा खूपच स्वस्त पडतो.