बोट सुटते कोणाच्या घड्याळाने?

भंडाऱ्याच्या एस.टी. स्थानकावर वाहतूक नियंत्रकाच्या खिडकीमागे माझी नोकरीची बरीच वर्षे गेली. पवनी, तुमसर, साकोली, लाखांदूर. कोणती गाडी केव्हा सुटायची, हे मला झोपेतही विचारले असते तर सांगता आले असते. चहाला गेलेला वाहक वेळेवर परतला नाही, तर त्याला हुडकायला माणूस धाडायचा, आणि गाडी सुटल्यावर फलाटावर धावत येणाऱ्या म्हातारीसाठी चालकाला हात दाखवायचा, ही दोन्ही कामे मी केली आहेत. वेळेच्या बाबतीत मला कोणी काही शिकवावे, असे मला कधी वाटले नव्हते. ते शिकायला वेस्ट इंडीजच्या समुद्रात जावे लागले.

मुलगी आणि जावई अमेरिकेत असतात. २०२४ च्या जून महिन्यात आम्ही दोघे तिकडे गेलो, तेव्हा त्यांनी आधीच तिकिटे काढून ठेवली होती. मायामीहून बोट निघणार, एक दिवस कोझुमेल, एक दिवस ग्रँड केमन आणि परत मायामी. जावई त्याला क्रूझ म्हणतात, मी बोटच म्हणतो. आमच्या पिढीला बोट म्हटले की आधी ‘बोट लागणे’ आठवते, म्हणून सौभाग्यवतींनी आवळासुपारीची डबी सोबत घेतली होती. ती उघडावी लागली नाही. एवढ्या मोठ्या बोटीवर आपण पाण्यात आहोत हेच मुळी विसरायला होते.

वेस्ट इंडीज म्हणजे आमच्यासाठी रेडिओ. १९७१ साली पोर्ट ऑफ स्पेनला गावसकर पहिली कसोटी खेळले आणि चार कसोट्यांत ७७४ धावा करून आले. ती नावे ऐकतच आम्ही वाढलो. त्यामुळे कोझुमेल हे मेक्सिकोचे बेट आहे, तिथे स्पॅनिश बोलतात आणि क्रिकेट कशाशी खातात ते कोणाला ठाऊक नाही, हे कळल्यावर माझा थोडा विरसच झाला. ज्यांना क्रिकेटची ओढ आहे त्यांनी बार्बाडोसला थांबणारी बोट पाहावी. तिथल्या ब्रिजटाउन बंदरापासून केन्सिंग्टन ओव्हल फार लांब नाही.

आता या बोटी बेटाबेटांवर थांबतात तरी कशाला? प्रवाशांना बेटे पाहायची असतात, हे झालेच. पण कायद्याचीही भानगड आहे. बहुतेक बोटींची नोंदणी बहामा, पनामा अशा देशांत असते. परदेशी नोंदणीच्या बोटीने अमेरिकेच्या बंदरातून प्रवासी घेऊन तिथेच परत यायचे, तर वाटेत एखादे परदेशी बंदर घ्यावेच लागते. अमेरिकेचा १८८६ सालचा कायदा तसे सांगतो. म्हणजे रात्रभर चालायचे, सकाळी बंदराला लागायचे आणि संध्याकाळी सुटायचे. आपली लांबपल्ल्याची गाडी ढाब्यावर थांबते आणि वाहक ओरडतो, ‘वीस मिनिटं थांबेल!’ त्यातलाच हा प्रकार. फरक इतकाच की आपला वाहक डबल बेल देण्याआधी डोकी मोजतो आणि एक कमी भरले तर शिव्या देत का होईना, थांबतो. बोटीवरही मोजतात. उतरताना कार्ड लावायचे, चढताना लावायचे, त्यामुळे कोण आले नाही ते त्यांना नावानिशी कळते. पण थांबत नाहीत.

थांबत नाहीत त्याला कारणे आहेत. धक्का ठरलेल्या वेळेपुरताच मिळालेला असतो, बंदराबाहेर काढायला वाटाड्या ठरलेल्या वेळेला येतो आणि उशीर भरून काढायला बोट जोरात हाकली की इंधन भरमसाट जळते. अपवाद एकच. बोटीवाल्यांनी आखलेल्या सहलीला तुम्ही गेलात आणि त्यांचीच गाडी अडकली, तर त्यांची माणसे तुम्हाला टाकून जात नाहीत. बोट थांबते, किंवा ते तुम्हाला पुढच्या बंदरात आणून सोडतात. आपले आपण फिरायला गेलात तर सगळी जोखीम तुमची. चुकलात तर पुढच्या बंदरापर्यंतचे विमान तुमच्या खर्चाने. म्हणूनच बोटीच्या सहली महाग असतात आणि म्हणूनच माणसे पाच जणांचे पैसे मोजून स्वतःची टॅक्सी करतात. आम्हीही तेच केले.

आदल्या रात्री खोलीत दुसऱ्या दिवसाचा कार्यक्रम छापलेला कागद आला. सकाळी ९ ला बोट धक्क्याला, दुपारी ४.३० ला सर्वांनी बोटीवर, ५ ला प्रस्थान. मुलीला तुलुमचे मायांचे अवशेष पाहायचे होते. समुद्रकाठच्या कड्यावरचे ते मंदिर चित्रात फार सुंदर दिसते. पण तुलुम मुख्य भूमीवर आहे. कोझुमेलहून फेरीबोटीने पलीकडे जायला पाऊण तास, पुढे रस्त्याने तासभर, शिवाय दोन्हीकडे रांगा. मी कागदावर उलटे गणित मांडले. साडेचारपासून मागे यायचे, प्रत्येक टप्प्याला अर्धा तास जादा धरायचा आणि उरेल तेवढा वेळ पाहण्याला. तुलुमच्या वाट्याला जेमतेम तासभर येत होता, आणि तोही फेरीबोट वेळेवर मिळाली तर. मी तुलुमवर फुली मारली. मुलगी म्हणाली, “बाबा, तुम्ही अजून डेपोतच आहात.” असेन. आमच्या जिल्ह्याचे रेल्वे स्थानक भंडारा रोड असले तरी ते आहे वरठीला, गावापासून लांब. ‘गाडी नऊची आहे’ म्हणून पावणेनऊला घरून निघालेल्यांची फजिती भंडारेकरांना सांगायला नको. तुलुम सुटले आणि बेटावरच्याच सान हेर्वासियोवर तडजोड झाली.

ती जागा मात्र मनात भरली. कोझुमेल बेट सुमारे ४८ किलोमीटर लांब. त्याच्या आतल्या जंगलात हे मायांचे जुने ठाणे आहे. बुटक्या दगडी वास्तू, चुनखडीचे पांढरे रस्ते आणि दगडांवर ऊन खात बसलेले मोठमोठे सरडे. इथे इश्चेल देवीची पूजा व्हायची. बाळंतपण, औषधपाणी आणि चंद्र यांची ही देवी. तिच्या दर्शनाला मायांच्या बायका समुद्र ओलांडून होड्यांनी यायच्या. हे ऐकल्यावर सौभाग्यवती बराच वेळ एका कमानीपाशी उभ्या राहिल्या. वैनगंगेच्या पुरात डोंग्यातून बाळंतिणीला पलीकडे नेलेले त्यांनी लहानपणी पाहिले आहे. “आपल्या नदीचा पाट पाहूनच छातीत धडकी भरत होती जी,” त्या म्हणाल्या, “अन् ह्या बाया समुद्रातून येत होत्या.”

टॅक्सीवाल्याने आम्हाला फाटकाशी सोडले तेव्हा मी त्याला तीन बोटे दाखवून सांगितले होते, तीन वाजता ये. तीनला निघालो की साडेतीनला धक्क्यावर, म्हणजे तासभर हाताशी. त्याने स्पॅनिशमध्ये काहीतरी विचारले. त्यातला ‘लोकल’ एवढा शब्द मला ओळखीचा वाटला. मी म्हणालो, येस, येस. तो हसून गेला.

तीन वाजता आम्ही फाटकाशी आलो. टॅक्सी नाही. सव्वातीन झाले. फाटकाबाहेर दुसरे एकही वाहन नव्हते. मी टॅक्सीवाल्यांच्या जातीवर बोलायला सुरुवात केली, इथून तिथून सगळे सारखेच वगैरे. जावयांनी फोन लावायला म्हणून मोबाइल चालू केला. बोटीवर चढल्यापासून तो बंद अवस्थेत, फक्त फोटोंपुरता होता. ते म्हणाले, “बाबा, अजून सव्वादोनच वाजलेत.” माझ्या मनगटावरच्या एचएमटीत सव्वातीन होते. किल्ली मी सकाळीच दिली होती. तिकीट खिडकीतल्या माणसाच्या भिंतीवर घड्याळ होते, त्यातही सव्वादोन.

मुलीच्या ध्यानात आधी आले. अमेरिकेत उन्हाळ्यात घड्याळे एक तास पुढे करतात. कोझुमेल ज्या राज्यात आहे ते किंताना रो २०१५ पासून बाराही महिने एकाच वेळेवर चालते. हिवाळ्यात मायामीची आणि इथली घड्याळे जुळतात, उन्हाळ्यात इथले तासभर मागे असते. काही बोटी बंदराप्रमाणे आपली घड्याळे बदलतात, आमच्या बोटीने मायामीचीच वेळ ठेवली होती. कागदावर ते छापलेलेही होते. मी आकडे पाहिले, ओळी वाचल्या नाहीत. आणि तो भला माणूस विचारत होता की तीन म्हणजे बोटीचे तीन की इथले, लोकल? इथले, असे मीच त्याला सांगितले होते. त्याच्या तीनला आमचे चार वाजणार. तिथून धक्का अर्धा तास. साडेचार.

फोन लागला नाही. पुढची पाऊण घटका कशी गेली ते मलाच ठाऊक. आमच्या सगळ्यांचे पासपोर्ट बोटीवरच्या खोलीतल्या तिजोरीत होते. मेक्सिकोला आमचा अमेरिकेचा व्हिसा चालतो, पण तो व्हिसाही त्या पासपोर्टातच. औषधे खोलीत. सौभाग्यवतींची रक्तदाबाची गोळी पाच वाजताची. नात मात्र सरडे मोजत होती.

बेटाच्या घड्याळात तीनला पाच मिनिटे कमी असताना टॅक्सी आली. म्हणजे तो वेळेच्या आधीच आला. मी काही न बोलता एचएमटी त्याच्यासमोर धरली. त्याने ती पाहिली, माझ्याकडे पाहिले, कपाळावर हात मारला आणि गाडी वळवली. सान मिगेल गाव, त्याची गर्दी, पुढे दक्षिणेकडचा धक्का. उतरलो तेव्हा ४.२२. धक्क्याच्या टोकाला बोट उभी आणि ती वाट काही केल्या संपेना. नातीला जावयांनी खांद्यावर घेतले. कार्ड लावले तेव्हा ४.२९ झाले होते. टॅक्सीवाल्याला मी ठरल्याहून दहा डॉलर जास्त दिले. जातीवरून बोललो होतो त्याचे हे प्रायश्चित्त, पण ते त्याला कसे कळणार?

आम्ही परतलो आणि काही दिवसांत, २९ जूनला, ब्रिजटाउनला भारताने टी-ट्वेन्टीचा विश्वचषक जिंकला. पाठोपाठ बेरिल नावाचे वादळ आले. बार्बाडोसचा विमानतळ बंद पडला आणि आपला जगज्जेता संघ चषकासह काही दिवस तिथेच अडकून राहिला. तेच वादळ पुढे तुलुमच्या किनाऱ्यावर धडकले. जून ते नोव्हेंबर हा तिकडचा वादळांचा हंगाम. तिकिटे काढताना हे आम्हाला कोणी बोलले नव्हते, आणि आम्हीही विचारले नव्हते.

तर त्या दिवशी पावणेपाचला आम्ही वरच्या मजल्यावर कठड्याशी उभे होतो. तिथे बरीच गर्दी जमली होती. बोट सुटायच्या वेळी धक्क्यावर धावत येणाऱ्यांना पाहणे हा तिथे एक खेळच आहे. माणसे टाळ्या पिटतात, शिट्ट्या मारतात. खाली एक जोडपे हातात पिशव्या घेऊन धावत येत होते. बाईने चपला हातात घेतल्या होत्या. वर जल्लोष झाला. पण जिना आत घेतलेला होता आणि दोर सोडायला माणसे वाकली होती. ती दोघे धक्क्यावर येऊन थांबली. पुरुषाने मनगट वर करून घड्याळ दाखवले, जणू म्हणत होता, अजून वेळ आहे! टाळ्या हळूहळू थांबल्या. बोट आणि धक्का यांच्यामध्ये पाण्याची पट्टी दिसायला लागली.

फलाटावर असताना अशा वेळी मी हात वर करत असे. इथे कोणाला हात दाखवायचा?

सौभाग्यवती कठडा धरून खाली पाहत होत्या. म्हणाल्या, “पासपोर्ट असन का जी त्यांच्यापाशी?”