सही करण्यापूर्वी चार प्रश्न

पेशंटला ऑपरेशन थिएटरकडे नेण्याची घाई चाललेली असते. परिचारिका छापील कागद पुढे करते, ‘इथे सही करा.’ नवरा नाहीतर मुलगा थरथरत्या हाताने सही करतो. कागदावर काय लिहिले आहे, हे वाचायला सवड कोणाला? आणि जिचे ऑपरेशन, तिला तर कोणी विचारतही नाही!

१९९५ सालची दिल्लीतील घटना. ४४ वर्षांच्या एका अविवाहित स्त्रीने पाळीच्या तक्रारीसाठी दुर्बिणीने तपासणी करून घेण्यास संमती दिली. ती भुलीत असतानाच बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन तिचे गर्भाशय व बीजांडकोश काढण्यात आले. जानेवारी २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला : तपासणीला दिलेली संमती ही शस्त्रक्रियेची संमती नव्हे. पेशंट सज्ञान असेल आणि जिवाला तातडीचा धोका नसेल, तर आईची संमतीही चालणार नाही.

हा प्रश्न आपल्यापासून दूर नाही. २०१९ मध्ये शासनाच्या समितीने बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांची माहिती घेतली. सुमारे ८२ हजार जणींपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. ‘पिशवी ठेवली तर कॅन्सर होईल’ अशी भीती घातल्याचे अनेकींनी सांगितले. वास्तविक अंगावरून पांढरे जाणे, पाळीत जास्त रक्त जाणे या तक्रारी पुष्कळदा औषधांनी आटोक्यात येतात. कमी वयात बीजांडकोशही काढले, तर पाळी जाण्याचे त्रास लवकर सुरू होतात, हाडे ठिसूळ होतात. मग ऊस तोडायला बळ कुठून आणायचे?

म्हणून सहीपूर्वी डॉक्टरांना चार प्रश्न अवश्य विचारा.

१) नेमके काय करणार आणि कशासाठी?
२) दुसरा उपाय आहे का?
३) यात धोका कोणता?
४) ऑपरेशन केले नाही तर काय होईल?

याची उत्तरे पेशंटला समजेल अशा भाषेत मिळाली पाहिजेत. तातडी नसेल, तर दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला घ्या. २००२ च्या वैद्यकीय नियमांनुसार, मागणी केल्यावर उपचाराची कागदपत्रे ७२ तासांत मिळाली पाहिजेत. ती जपून ठेवा.

प्रश्न विचारणे म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास नव्हे. शरीर पेशंटचे आहे, तेव्हा होकारही त्याचाच हवा.