तंबूतील तमाशा आणि सोंगाड्याचे स्थान : एक आढावा

प्रस्तावना :
मराठी लोकरंगभूमीच्या अभ्यासात लावणी व वग या वाङ्मयप्रकारांची चर्चा विपुल झाली आहे. तथापि, गावोगाव तंबू ठोकून खेळ करणाऱ्या फडाची अर्थव्यवस्था आणि त्यातील विनोद यांच्या परस्परसंबंधाकडे तुलनेने कमी लक्ष गेले. प्रस्तुत लेखात या संबंधाचा विचार केला आहे.

पूर्वपीठिका :
उत्तर पेशवाईत राम जोशी, होनाजी बाळा आदी शाहिरांमुळे तमाशाला बहर आला. उमाजी सावळजकर यांचा 'मोहना बटाव' (1865) हा पहिला वग मानला जातो. पुढे पठ्ठे बापूराव (1866-1941) यांनी लावणी व वगाला लोकप्रियतेच्या शिखरावर नेले. वगामुळे तमाशात सलग कथानक आले आणि त्याबरोबरच सोंगाड्याला भक्कम भूमिका मिळाली.

सोंगाड्याचे कार्य :
गण, गवळण, बतावणी व वग असा ढोलकी फडाच्या तमाशाचा क्रम असतो. गवळणीतील मावशी व पेंद्या, तर वगातील शिपाई किंवा नोकर ही विनोदाची हक्काची पात्रे होत. त्यांचे संवाद बहुधा लिखित नसत; हजरजबाबीपणा हेच त्यांचे भांडवल असे. 'जहरी प्याला'मधील काळू-बाळू आणि 'गाढवाचं लग्न'मधील दादू इंदुरीकर ही याची ठळक उदाहरणे होत. येथे एक बाब लक्षणीय आहे. तमाशा कलावंत प्रामुख्याने महार, मांग, कोल्हाटी आदी समाजांतील होते. गावगाड्यात ज्यांना मान वर करून बोलण्याची मुभा नव्हती, ते बोर्डावर राजाची फजिती करीत. म्हणूनच हा विनोद केवळ करमणूक ठरत नाही.

कनातीचे अर्थकारण :
उघड्यावरच्या सुपारीच्या खेळाला तंबू आणि तिकीट यांची जोड मिळाल्यावर फड एकट्या यजमानावर अवलंबून राहिला नाही. दसऱ्याला फड बाहेर पडतो. आरंभी तिकिटावर खेळ होतात. चैत्र-वैशाखातील यात्रांसाठी सुपाऱ्या ठरतात. नारायणगाव येथील राहुट्यांतून गावकरी व फडमालक यांचे हे व्यवहार होतात. मात्र हंगामापूर्वी कलावंतांना उचल द्यावी लागते आणि त्यासाठी मालक कर्ज काढतो. परिणामी यजमानाची जागा सावकाराने घेतली. अवकाळी पाऊस किंवा रद्द झालेली यात्रा म्हणजे थेट कर्जाचा बोजा. 2020 व 2021 मध्ये करोनामुळे यात्रा बंद राहिल्या, तेव्हा या व्यवस्थेची नाजूकता उघड झाली.

विनोदाचा संकोच :
कर्ज फेडण्यासाठी गल्ला भरणे अपरिहार्य ठरते. म्हणून चित्रपटगीतांवरील नृत्यांना अधिक वेळ दिला गेला. वग हा रात्रीच्या उत्तरार्धात रंगणारा प्रकार. ध्वनिक्षेपकावरील रात्रीच्या निर्बंधांमुळे त्याचा वेळ आणखी आक्रसला. वग आक्रसला की सोंगाड्याची जागाही आक्रसते, कारण त्याच्या विनोदाला प्रसंग रंगवण्यास अवधी लागतो.

समारोप :
सारांश, तंबूने तमाशाला यजमानापासून मोकळे केले, परंतु कर्जाशी बांधले. कलावंतांचा वृद्धापकाळातील सन्मान आवश्यकच आहे. पण हंगामापूर्वी अल्प व्याजाचे भांडवल मिळाल्यास फड टिकेल आणि वगाला वेळ देणे मालकास परवडेल. सोंगाड्याची कला पुस्तकात जतन होत नाही. ती बोर्डावर, समोरच्या प्रेक्षकांच्या साक्षीनेच पुढच्या पिढीकडे जाते.