बारा फोटोंचा रोल

मराठी घरांतले जुने अल्बम उघडले की काळ्या जाड पानांवर चौकोनी फोटो हमखास सापडतात. मुंज, डोहाळजेवण, गडावरची सहल, नव्या सायकलीशेजारी उभा असलेला काका. सगळ्यांची रुंदी-उंची सारखीच. त्या चौकोनाचं कारण कॅमेऱ्यात होतं. १९६० आणि ७० च्या दशकांत ज्या घरात स्वतःचा कॅमेरा असे, तिथे तो बऱ्याचदा बडोद्यात तयार झालेला 'अग्फा क्लिक थ्री' असायचा. त्यात १२० नंबरचा रोल पडायचा आणि सहा सेंटिमीटर बाय सहा सेंटिमीटरचे बारा फोटो निघायचे. गावातल्या स्टुडिओवाल्याकडे याशिका किंवा रोलिकॉर्ड असायचा. त्यातही रोल हाच. लग्नाचे फोटो त्यावरच निघत, आणि निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीनं रिटचिंग करून चेहऱ्यावरचे डाग घालवता येत, कारण काम करण्याएवढी जागा त्या निगेटिव्हवर असायची. आज ज्याला मीडियम फॉरमॅट म्हणतात, ते आपल्याकडे असं घरोघरी होतं.

पुढे ३५ मिलिमीटरचे सुटसुटीत कॅमेरे आले, मग डिजिटल, मग मोबाइल. स्टुडिओंनी जुने कॅमेरे कपाटात टाकले किंवा मिळेल त्या भावात विकले. तरीही आज पंचविशीतली मुलं-मुली हे कॅमेरे शोधत फिरतात, रोल मागवतात, घरी धुतात. याचा मला मनापासून आनंद होतो, आणि त्याचं श्रेय मी डिजिटललाच देतो. फिल्मवर पूर्वी पोट भरण्याची जबाबदारी होती. लग्न, बातमी, जाहिरात, पासपोर्ट या सगळ्यांचं ओझं तिच्यावर होतं. डिजिटलनं ते ओझं उचललं आणि फिल्म कधी नव्हे ती मोकळी झाली. आता मीडियम फॉरमॅटचा कॅमेरा कोणी नाइलाजानं वापरत नाही. वापरतो तो आवडतो म्हणून.

एक रोल, सव्वाशे वर्षं

१२० चा रोल कोडॅकनं १९०१ साली 'ब्राउनी नंबर २' या साध्या पेटीवजा कॅमेऱ्यासाठी काढला. त्यानंतर वेगवेगळ्या नंबरांचे कितीतरी रोल आले आणि बहुतेक सगळे इतिहासजमा झाले. १२० मात्र टिकला. १९३० च्या दशकातल्या जर्मन कॅमेऱ्यात आज विकत घेतलेला रोल बिनदिक्कत बसतो. तंत्रज्ञानाच्या जगात असं भाग्य फार थोड्या वस्तूंच्या वाट्याला येतं.

रोलची रचना साधी आहे. सुमारे सहा सेंटिमीटर रुंदीची फिल्म आणि तिच्या पाठीला लांबलचक अपारदर्शक कागद, दोन्ही एका रिळावर गुंडाळलेले. कागदावर आकडे छापलेले असतात. जुन्या कॅमेऱ्यांच्या पाठीवरच्या लाल काचेतून तेच आकडे दिसत आणि फिल्म किती सरकवायची ते कळे. एकाच रोलमधून किती फोटो निघणार हे कॅमेरा ठरवतो. ६ बाय ४.५ च्या चौकटीत पंधरा-सोळा, ६ बाय ६ मध्ये बारा, ६ बाय ७ मध्ये दहा आणि ६ बाय ९ मध्ये आठ.

आपल्या देशातही फिल्म तयार होत असे. उटीला १९६० साली हिंदुस्तान फोटो फिल्म्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि 'इंदू' या नावाची त्याची कृष्णधवल फिल्म देशभर वापरली गेली. तो कारखाना बंद पडला. आता आपल्याला मिळतात ते रोल बाहेरून येतात: अमेरिकेतून कोडॅकचे, इंग्लंडमधून इलफर्डचे, चेक प्रजासत्ताकातून फोमाचे. मागणी वाढते आहे हे त्यांच्या यादीवरूनही दिसतं. कोडॅकनं आपली 'एक्टाक्रोम' ही स्लाइड फिल्म २०१९ मध्ये १२० रोलमध्ये पुन्हा आणली आणि २०२२ मध्ये 'गोल्ड २००' ही त्या मानानं स्वस्त रंगीत फिल्मही त्या आकारात दिली.

मोठ्या निगेटिव्हचा फायदा

३५ मिलिमीटर फिल्मवरची चौकट २४ बाय ३६ मिलिमीटरची, म्हणजे ८६४ चौरस मिलिमीटर. ६ बाय ६ ची प्रत्यक्ष चौकट ५६ बाय ५६ ची, म्हणजे ३१३६ चौरस मिलिमीटर. साडेतीन पटींहून अधिक. गंमत म्हणजे आज 'मीडियम फॉरमॅट' म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक महागड्या डिजिटल कॅमेऱ्यांचा सेन्सर ४४ बाय ३३ मिलिमीटरचा असतो. जुन्या याशिकाची चौकट त्याच्या दुपटीहून मोठी आहे.

आकाराचा पहिला परिणाम प्रिंटमध्ये दिसतो. वीस सेंटिमीटर बाजूचा चौकोनी फोटो करायचा तर ६ बाय ६ ची निगेटिव्ह साडेतीन पट मोठी करावी लागते. ३५ मिलिमीटरची आठ पटींहून जास्त. फिल्म तीच असली तरी कमी ताणल्यामुळे कण बारीक राहतात आणि करड्या रंगाच्या छटा एकमेकींत अलगद मिसळतात. म्हाताऱ्या माणसाच्या चेहऱ्याचा फोटो काढून पाहा. कानशिलापासून गालापर्यंत उजेड कसा उतरत गेला आहे, ते त्या प्रिंटवर वाचता येतं.

दुसरा परिणाम खोलीचा. चौकट मोठी असली की तेवढंच दृश्य टिपायला लांब फोकल लेंग्थची लेन्स लागते. ३५ मिलिमीटर कॅमेऱ्यावर ५० ची लेन्स 'नॉर्मल' समजतात, ६ बाय ६ वर ८० ची. त्यामुळे माणूस स्पष्ट आणि मागचं सगळं हळूहळू विरघळत गेलेलं, असा फोटो सहज मिळतो. मोबाइल हा परिणाम गणित करून आणतो आणि केसांच्या कडांवर पुष्कळदा फसतो. इथे तो काचेतूनच येतो.

मान खाली घालून पाहणं

या कॅमेऱ्यांपैकी माझा सर्वांत लाडका प्रकार दोन लेन्सचा, म्हणजे ट्विन लेन्स रिफ्लेक्स. जर्मनीत ब्राउनश्वाइगच्या फ्रांके आणि हायडेके यांनी १९२९ साली 'रोलिफ्लेक्स' बाजारात आणला आणि पुढे जगभर त्याच्या नकला झाल्या. वरच्या लेन्सनं पाहायचं, खालच्या लेन्सनं फोटो निघतो. कॅमेरा पोटाशी धरून वरून काचेत बघायचं. दृश्य सुलटं दिसतं, पण डावं-उजवं उलटं. माणूस उजवीकडे चालला की काचेत तो डावीकडे जातो. पहिल्या एक-दोन रोलमध्ये हात गोंधळतात, मग सवय होते.

या पाहण्याचा समोरच्या माणसावर काय परिणाम होतो, ते अनुभवण्यासारखं आहे. डोळ्याला कॅमेरा लावला की फोटोग्राफरचा चेहरा झाकतो आणि समोरचा सावध होतो. इथे आपण मान लवून उभे असतो, मध्येच वर बघून बोलतो, पुन्हा काचेत बघतो. समोरचा माणूस सैलावतो. कॅमेरा कमरेच्या उंचीवर असल्यामुळे बसलेली आजी किंवा छोटं मूल त्यांच्याच पातळीवरून टिपलं जातं. शटर लेन्समध्येच असल्यानं आवाजही बारीकसा, 'टिक' एवढाच.

होमाई व्यारावाला यांच्या हाती हा कॅमेरा शोभून दिसे. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या आणि भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या होमाईबाईंनी स्वातंत्र्याच्या आगेमागचा काळ टिपला, त्यात रोलिफ्लेक्सचा वाटा मोठा होता. शिकागोत मुलं सांभाळण्याचं काम करणारी व्हिव्हियन मायर हाच कॅमेरा गळ्यात अडकवून रस्त्यांवर फिरत असे. तिचं काम २००७ साली एका लिलावानंतर जगासमोर आलं. आणि दयानिता सिंग यांनी चौकोनी चौकटीच्या हॅसलब्लाडवर वर्षानुवर्षं काम केलं. २०२२ चा हॅसलब्लाड पुरस्कार त्यांना मिळाला.

हॅसलब्लाड हा स्वीडनचा कॅमेरा एकाच लेन्सचा. १९५७ सालच्या त्याच्या '५०० सी' या मॉडेलचं घराणं पुढे अर्धशतकाहून जास्त चाललं. २४ डिसेंबर १९६८ रोजी अपोलो ८ मधून बिल अँडर्स यांनी चंद्राच्या क्षितिजावर उगवणारी पृथ्वी टिपली, ती त्याच घराण्यातल्या कॅमेऱ्यानं, ७० मिलिमीटर रुंदीच्या खास फिल्मवर. बीटल्सच्या 'ॲबी रोड'चं मुखपृष्ठही हॅसलब्लाडचंच. ८ ऑगस्ट १९६९ रोजी इअन मॅकमिलन रस्त्यात शिडीवर चढले आणि सहा फोटो काढून उतरले. त्या सहांतला एक आज जगाला पाठ आहे.

बाराचं भान

सहा फोटोंत काम होतं, कारण प्रत्येक फोटोआधी विचार झालेला असतो. मोबाइलवर आपण आधी काढतो आणि मग निवडतो. बाराच्या रोलमध्ये निवड आधी होते. उजेड कुठून येतो, पार्श्वभूमीत विजेचा खांब डोक्यातून उगवला आहे का, माणूस अजून अवघडलेला आहे का, हे सगळं बोट दाबण्याच्या आत बघावं लागतं. थांबून बघितल्यावर कितीदा असंही कळतं की हा फोटो काढायचाच नाही. तो न काढण्यातही शिक्षण आहे.

रोल भरण्यापासूनच हा संथपणा सुरू होतो. याशिका-मॅट घ्या. सावलीत जायचं, मागचं दार उघडायचं. रिकामं रीळ वर, भरलेला रोल खाली. कागदाचं टोक वरच्या रिळाच्या फटीत खोचून दांडी सावकाश फिरवायची. कागदावरचा बाण कॅमेऱ्यातल्या खुणेसमोर आला की थांबायचं, दार लावायचं आणि पुढे फिरवायचं. पहिल्या फोटोवर दांडी आपोआप अडते. बारा झाले की उरलेला कागद गुंडाळून घ्यायचा आणि डिंकाची पट्टी ओलावून रोल घट्ट बंद करायचा. ढिला राहिला तर कडेनं उजेड शिरतो.

उजेड मोजायला मोबाइलवरचं मीटर पुरतं. मीटर नसेल तर जुना ठोकताळा आहेच: लख्ख उन्हात छिद्र १६ वर ठेवायचं आणि शटरचा वेग फिल्मच्या आयएसओ आकड्याच्या जवळपास, म्हणजे १०० च्या फिल्मला सेकंदाचा १२५ वा भाग. निगेटिव्ह फिल्मला थोडा जास्त उजेड चालतो, कमी सोसत नाही. म्हणून आपल्याकडच्या कडक उन्हात सावलीतल्या भागाकडे बघून मोजमाप करावं.

घरची डार्करूम

कृष्णधवल रोल धुण्यासाठी अंधारी खोली लागते ती फिल्म टाकीत भरण्यापुरती. ते काम उजेड न शिरणाऱ्या कापडी पिशवीतही होतं. पुढचं सगळं स्वयंपाकघराच्या ओट्यावर. १२० च्या एका रोलला साधारण अर्धा लिटर द्रावण लागतं. इलफर्डची 'एचपी ५' ही फिल्म 'डी-७६' डेव्हलपरमध्ये समभाग पाणी घालून २० अंशांना अकरा मिनिटं धुतात. दर मिनिटाला पहिल्या दहा सेकंदांत टाकी चार वेळा उलटी-सुलटी करायची. मग स्टॉप बाथ, फिक्सर आणि धुलाई.

आपली अडचण तापमानाची. एप्रिल-मेमध्ये पुण्या-मुंबईत नळाचं पाणीच तिशीच्या आसपास असतं. परातीत बर्फाचं पाणी घेऊन त्यात बाटल्या ठेवाव्या लागतात. २० अंश जमत नसेल तर २४ वर स्थिर राहून वेळ आठ मिनिटांच्या आसपास आणता येतो. धुलाईला वाहता नळ नको. पाणी भरून पाच वेळा उलटसुलट, ते ओतून नव्या पाण्यात दहा वेळा, मग वीस वेळा. इलफर्डनंच सांगितलेली ही पद्धत पाणीकपातीच्या दिवसांत वरदान आहे. शेवटी टाकीचं झाकण काढून ओली फिल्म उलगडायची. बारा चौकटी एकाखाली एक लोंबताना पाहणं हा या छंदातला सर्वांत मोठा आनंद.

पुढचा प्रवास खुशाल डिजिटल होऊ द्यावा. साध्या फ्लॅटबेड स्कॅनरवर २४०० डीपीआयनं ६ बाय ६ ची निगेटिव्ह स्कॅन केली तरी पंचवीस मेगापिक्सेलच्या वर चित्र मिळतं. डिजिटल कॅमेरा, मॅक्रो लेन्स आणि एलईडीचं पॅनेल असेल तर त्याहून सरस. निगेटिव्ह मात्र जपून ठेवावी. हार्ड डिस्क बिघडली तरी ती उजेडासमोर धरून बघता येते.

सुरुवात करणाऱ्यांसाठी

पहिला कॅमेरा म्हणून याशिका-मॅट किंवा मामियाच्या 'सी' मालिकेतला एखादा बघावा. मामियाच्या या मालिकेत लेन्स बदलता येतात, दोन लेन्सच्या कॅमेऱ्यांत हे दुर्मीळ. 'मामिया आरबी ६७' अप्रतिम, पण अडीच किलोच्या पुढे. तो स्टुडिओतला आणि तिपाईवरचा गडी.

वापरलेला कॅमेरा घेताना लेन्समागे टॉर्च धरून बुरशी तपासावी. कोकणात आणि मुंबईत दमट हवेनं काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे पसरतात आणि वेळीच साफ केले नाहीत तर काचेवरचा लेप खातात. शटर एक सेकंदावर लावून ऐकावं; जुनं वंगण सुकलेलं असेल तर ते मध्येच अडकतं. मागच्या दाराचा फोम चिकट झाला असेल तर बदलून घ्यावा. पावसाळ्यात कॅमेरा चामड्याच्या पेटीत कोंडू नये. सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवावा. रोल फ्रिजमध्ये ठेवावेत आणि वापरण्याआधी काही तास बाहेर काढावेत. विमानतळांवरच्या नव्या सीटी स्कॅनरमुळे फिल्म धुरकटते, म्हणून रोल हातानं तपासण्याची विनंती करावी.

खर्च आहे. रंगीत रोल, धुलाई आणि स्कॅन धरून एका फोटोला शंभर रुपयांच्या पुढे सहज जातात. कृष्णधवल फिल्म घरी धुतली तर तो बराच उतरतो. महिन्याला एक रोल एवढी मर्यादा घातली तरी वर्षाला दीडशेच्या आसपास फोटो होतात, आणि त्यांतले बरेच प्रिंट करण्याजोगे निघतात.

खरी काळजी वेगळीच आहे. फिल्म बनते आहे, शिकणारे वाढत आहेत, पण हे कॅमेरे खोलून दुरुस्त करू शकणारे कारागीर म्हातारे होत चालले आहेत. मुंबईत फोर्टमधला बोरा बाजार कॅमेऱ्यांसाठी प्रसिद्ध आहे, गावोगावीही एखादा जुना मेकॅनिक असतो. शटरच्या स्प्रिंगचा ताण बोटांनी ओळखणारी ही माणसं पुस्तकांतून तयार होत नाहीत. त्यांच्याकडे काम गेलं तर ती टिकतील, आणि त्यांच्या हाताखाली बसून शिकायला एखादा तरुण तयार होईल. म्हणून कॅमेरा घेणाऱ्यांनो, त्याची पहिली सर्व्हिसिंग अशाच कारागिराकडून करून घ्या, मजुरीत घासाघीस करू नका, आणि जमलं तर तो काम करताना शेजारी बसायची परवानगी मागा.