आणीबाणी मोठी, गंगाजळी 57,000 डॉलरची

अमेरिकेतल्या ओपिऑइड (अफूच्या जातीची वेदनाशामकं आणि अमली द्रव्यं) आणीबाणीला पुन्हा मुदतवाढ, ही बातमी वाचून कुणी दचकलं नसेल. 2017 पासून दर नव्वद दिवसांनी हा सोपस्कार पार पडतो आहे. ऑक्सिकॉन्टिन ही वेदनाशामक गोळी, ती बनवणारी पर्ड्यू कंपनी, तिचं मालक सॅकलर कुटुंब ही कथा वेब सिरीजमुळे आपल्याकडेही पाठ झालेली आहे, ती पुन्हा उगाळण्यात अर्थ नाही. या आणीबाणीतल्या पैशाची गोष्ट मात्र फारशी कुणी सांगत नाही.

26 ऑक्टोबर 2017 ला ट्रम्प यांनी व्हाइट हाउसमध्ये गाजावाजा करून ‘सार्वजनिक आरोग्य आणीबाणी’ पुकारली. स्टॅफर्ड कायद्याखाली ती पुकारली असती, तर चक्रीवादळ-पुरासाठी राखलेला निधी खुला झाला असता. निवडला गेला दुसरा कायदा. त्याच्या आणीबाणी निधीत शिल्लक किती? 57,000 डॉलर. तेव्हाच्या दराने साधारण 37 लाख रुपये, म्हणजे पुण्यात वन बीएचके घ्यायचा तरी घासाघीस करावी लागेल. आदल्याच वर्षी ओपिऑइडने 42,000 हून अधिक माणसं मेली होती. माणशी दीड डॉलरसुद्धा नाही!

खरा पैसा आला तो संसदेकडून. डिसेंबर 2016 च्या ‘क्युअर्स’ कायद्याने राज्यांना दोन वर्षांसाठी 100 कोटी डॉलर दिले. 2018 मध्ये आणखी 93 कोटींची अनुदानं आली. पण सरकारी पैसा सरकारी रकान्यातच खर्चावा लागतो. हे अनुदान फक्त ओपिऑइडसाठी होतं. दारात आलेला रुग्ण मेथ (मेथॅम्फेटामाइन) या वेगळ्या जातीच्या नशेच्या आहारी गेलेला असेल, तर 2020 पर्यंत त्याच्यावर हे पैसे खर्चता येत नव्हते. व्यसनी माणूस एकाच पदार्थाशी एकनिष्ठ असतो, असं बहुधा गृहीत धरलं होतं.

त्याहून मोठी अडचण पैशाची नव्हतीच. ब्यूप्रेनॉर्फिन नावाचं औषध आहे. जिभेखाली ठेवलं की विरघळतं, तलफ शमते आणि गर्दुल्ले जिला ‘टर्की’ म्हणतात ती अंगदुखी, जुलाब, घालमेल आटोक्यात येते. रोज घेत राहिलं तर माणूस कामावर जाऊ शकतो. फ्रान्सने 1995 मध्ये ते साध्या फॅमिली डॉक्टरांच्या हाती दिलं आणि चारेक वर्षांत हेरॉइनचे मृत्यू जवळपास चार-पंचमांशाने घटले. अमेरिकेत मात्र हे औषध लिहून देण्यासाठी डॉक्टरला आठ तासांचं प्रशिक्षण आणि वेगळा परवाना लागे. वर पहिल्या वर्षी तीसच रुग्णांची मर्यादा. त्याच डॉक्टरला, त्याच टेबलावर, ऑक्सिकॉन्टिन लिहून द्यायला असला खास परवाना लागत नव्हता. व्यसन लावणारी गोळी सोपी, सोडवणारी अवघड. हा परवाना रद्द व्हायला 2022 चा डिसेंबर उजाडला आणि त्याला खर्च होता फक्त एका सहीचा.

उपचार गरजूंपर्यंत का पोचत नाहीत, हे पाहताना डॉ. राहुल गुप्ता यांचं काम आठवतं. भारतात जन्मलेले हे डॉक्टर पुढे व्हाइट हाउसच्या अमली पदार्थ धोरण कार्यालयाचे प्रमुख झाले. त्या खुर्चीवर बसलेले पहिलेच डॉक्टर. त्याआधी ते वेस्ट व्हर्जिनियाचे आरोग्य आयुक्त होते. याच राज्यातल्या करमिट या चारशे वस्तीच्या गावातल्या एका औषध दुकानात दोन वर्षांत सुमारे 90 लाख वेदनाशामक गोळ्या उतरवल्या गेल्या होत्या. गुप्ता यांनी 2016 मध्ये अतिमात्रेने मेलेल्यांच्या नोंदी एकत्र जुळवायला लावल्या: दवाखाना, औषधं, रुग्णवाहिका, तुरुंग. निघालं असं, की पाचांपैकी चार जण शेवटच्या वर्षात आरोग्ययंत्रणेच्या कुठल्या ना कुठल्या दारात येऊन गेले होते. माणूस दारात आला, नोंद झाली आणि परत गेला. माझ्या मते कुठल्याही निधीच्या आकड्यापेक्षा ही माहिती मोलाची आहे, कारण पैसा नेमका कुठे टाकायचा ते ती सांगते.

आता ओपिऑइड बनवणाऱ्या आणि विकणाऱ्या कंपन्यांकडून दाव्यांच्या तडजोडीचे 50 अब्ज डॉलरहून अधिक टप्प्याटप्प्याने येत आहेत. काही काउंटींनी, म्हणजे तिथल्या जिल्ह्यांनी, त्यातून पोलिसांच्या गाड्या घेतल्या.

मृत्यू घटले आहेत, हे नाकारता येणार नाही. 2022 मध्ये सर्व अमली पदार्थांच्या अतिमात्रेने एक लाख सात हजारांहून अधिक गेले होते, 2024 मध्ये सुमारे 80,000. मार्च 2025 मध्ये आणीबाणीची मुदत वाढवली ती आरोग्यमंत्री रॉबर्ट केनेडी (ज्युनियर) यांनी. तरुणपणी चौदा वर्षं स्वतः हेरॉइनच्या विळख्यात होतो, हे ते उघडपणे सांगतात. त्यानंतर चारच महिन्यांत, 4 जुलैला, ट्रम्प यांनी मेडिकेडला, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य विमा योजनेला, कात्री लावणाऱ्या कायद्यावर सही केली. ओपिऑइडच्या व्यसनावरच्या उपचारांचा सर्वांत मोठा भार हीच योजना उचलते. आता तिच्यासाठी कामाची अट येते आहे. व्यसनग्रस्तांना त्यातून सूट आहे; फक्त आपण त्या सवलतीत बसतो, हे त्यांना सरकारदरबारी नोंदवून घ्यावं लागेल.