ठेव, उसनवार आणि पाच लाखांची रेघ

आजचा विषय फळ्यावर वाचून दोघातिघांनी आम्हाला दारातच अडवलं. म्हणाले, "सर, जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलंत, आता बँकेत कुठे शिरलात?" त्याचं कारण सांगतो आणि मग विषयाकडे वळतो.

आमच्या शेजारी एक निवृत्त मुख्याध्यापक राहतात. गावाकडची वाटणीची जमीन विकून आलेले अठरा लाख रुपये त्यांनी एका सहकारी बँकेत ठेवले. एकाच शाखेत ठेवले नाहीत बरं का. तीन शाखांत सहा-सहा लाखांच्या तीन पावत्या केल्या. गुरुजींचा हिशेब असा, की तीन शाखा म्हणजे तीन टोपल्या. काही वर्षांनी त्या बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले आणि पैसे काढण्यावर मर्यादा बसली. गुरुजी संध्याकाळी आमच्याकडे आले. चहा तसाच राहिला. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "पैसे माझेच आहेत ना? मग मला मिळत का नाहीत?"

आम्ही तेव्हा काहीतरी धीराचं बोललो. उत्तर मात्र दिलं नाही, कारण आम्हालाच ते ठाऊक नव्हतं. शिवाय आमचीही ग्रॅच्युइटी एकाच बँकेत होती. तिथला मॅनेजर आमचा विद्यार्थी, एवढंच त्याचं कारण. शब्दप्रमाणावर आम्ही वर्षानुवर्षं व्याख्यानं दिली, आप्त कोणाला म्हणावं याची चर्चा केली, आणि स्वतःच्या पैशाच्या बाबतीत "सर, काळजी नको" एवढ्यावर भागवलं. गुरुजींच्या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता जे कळलं, ते आज आपल्यापुढे ठेवतो.

पहिली गोष्ट 'ठेव' या शब्दाची. आपल्या जुन्या धर्मशास्त्रात खटल्यांचे जे अठरा विषय सांगितले आहेत, त्यांत ऋणादान वेगळं आणि निक्षेप वेगळा. निक्षेप म्हणजे जपायला दिलेली वस्तू. ती वस्तू तशीच परत यायला हवी, सांभाळणाऱ्याला ती वापरता येत नाही. ऋण म्हणजे वापरायला दिलेला पैसा. तो घेणाऱ्याचा होतो, आणि देणाऱ्याकडे राहतो तो फक्त परत मागण्याचा हक्क. आता सांगा, बँकेतली ठेव यांपैकी कशात बसते? नाव निक्षेपाचं आहे, पण व्यवहार ऋणाचा आहे. आपण बँकेला कर्ज देतो, बँक तेच पैसे पुढे दुसऱ्याला देते, म्हणून तर आपल्याला व्याज मिळतं. गुरुजींच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. कायद्याच्या भाषेत ते पैसे बँकेचे झाले होते. गुरुजी मालक नव्हते, धनको होते. आणि ऋणको अडचणीत आला की धनकोला रांगेत उभं राहावं लागतं.

आता विम्याकडे येऊ. १९६० साली केरळमधली पलाई सेंट्रल बँक बुडाली. देश हादरला. त्यानंतर १९६१ चा कायदा झाला आणि १ जानेवारी १९६२ पासून ठेवींना विमा मिळू लागला. तेव्हा मर्यादा होती फक्त दीड हजार रुपये. ती वाढत वाढत १९९३ मध्ये एक लाखावर आली आणि तिथेच सत्तावीस वर्षं थांबली. ४ फेब्रुवारी २०२० पासून ती पाच लाख झाली. हा विमा देणारं महामंडळ, डीआयसीजीसी, रिझर्व्ह बँकेच्या मालकीचं आहे. हप्ता बँक भरते, आपण नाही.

या पाच लाखांबद्दल चार गैरसमज आहेत.

एक, शाखांचा. मर्यादा दर बँकेला आहे, दर शाखेला नाही. एका माणसाच्या त्या बँकेतल्या सगळ्या शाखांतल्या बचत, चालू, मुदत, आवर्ती अशा सगळ्या ठेवींची बेरीज होते. गुरुजी नेमके इथे चुकले.

दोन, व्याजाचा. पाच लाखांत मुद्दल आणि व्याज दोन्ही आले. समजा सात टक्के दराने, तिमाही चक्रवाढीने, पाच वर्षांची ठेव केली. साडेतीन लाखांचे मुदतीअखेर जवळपास ४ लाख ९५ हजार होतात. म्हणजे अशा ठेवीत साडेतीन लाखांच्या पुढे गेलात, तर शेवटी शेवटी वरचं व्याज उघड्यावर पडतं.

तीन, नावांचा. कायदा म्हणतो, एकाच हक्काने आणि एकाच नात्याने असलेल्या ठेवी एकत्र धरा. त्यामुळे नवऱ्याचं एकट्याचं खातं, बायकोचं एकटीचं, नवऱ्याचं नाव आधी असलेलं संयुक्त खातं आणि बायकोचं नाव आधी असलेलं संयुक्त खातं, ही चार वेगळी धरली जातात. प्रत्येकाला पाच लाख. नॉमिनी बदलून मात्र नवी मर्यादा मिळत नाही. आणि एकमालकीच्या दुकानाच्या नावाने ठेव असेल, तर ती त्या मालकाच्याच ठेवीत मिळवली जाते.

चार, संस्थांचा. हा आपल्या महाराष्ट्राला फार लागू आहे. व्यापारी बँका, लघु वित्त बँका, ग्रामीण बँका आणि सहकारी बँका यांना हा विमा आहे. पतसंस्थेला तो नाही. कंपन्यांच्या मुदत ठेवींनाही नाही. बोर्डावर 'बँक' आहे की 'पतसंस्था', एवढं वाचायचे कष्ट तरी आपण घ्यावेत.

आता मुद्द्याचा प्रश्न. ज्याच्याकडे चाळीस-पन्नास लाख आहेत, घर विकल्याचे असोत की निवृत्तीचे, त्याने काय करावं? इथे आम्ही जुनी सवय वापरतो, आधी शब्द सोडवतो. 'सुरक्षित' या एका शब्दात तीन प्रश्न दडलेले आहेत. पैसे परत मिळतील का? वेळेवर मिळतील का? आणि मिळतील तेव्हा त्यांची किंमत काय असेल?

पीएमसी बँकेचं उदाहरण घ्या. २३ सप्टेंबर २०१९ ला निर्बंध आले, आणि पहिल्यांदा खातेदाराला काढता येत होते फक्त एक हजार रुपये. जानेवारी २०२२ मध्ये ती बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. पाच लाखांवरच्या ठेवीदारांना उरलेले पैसे मिळणार, पण दहा वर्षांपर्यंतच्या टप्प्यांत. पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'हो'. पण सत्तरीच्या माणसाला दहा वर्षांनी मिळणाऱ्या पैशाला 'सुरक्षित' म्हणायचं का, हे आपणच ठरवा. २०२१ मध्ये कायदा बदलला, आता निर्बंध आल्यावर विम्याची रक्कम नव्वद दिवसांत मिळण्याची तरतूद आहे. ही मोठी सुधारणा आहे. पण ती पाच लाखांपुरतीच, हे विसरू नका.

म्हणून आम्ही स्वतः जे केलं, ते सांगतो. सल्ला म्हणून नव्हे, हिशेब म्हणून ऐका.

पहिलं, वाटणी. आम्ही आणि आमच्या सौभाग्यवतींनी दोन बँका निवडल्या. दर बँकेत वर सांगितलेली चार प्रकारची खाती, दर प्रकारात साडेचार लाखांच्या आत आणि मुदत एक वर्षाची. व्याज धरूनही पाच लाखांची रेघ ओलांडत नाही. असे जवळपास छत्तीस लाख विम्याच्या आत बसतात. एक लक्षात ठेवा, बँका विलीन होतात. एप्रिल २०२० मध्ये आंध्र बँक आणि कॉर्पोरेशन बँक या युनियन बँकेत गेल्या. ज्याची तिन्हीकडे ठेव होती, त्याच्या तीन बँकांची एक झाली. म्हणून वर्षातून एकदा यादी तपासावी.

दुसरं, सरकारला थेट कर्ज. पोस्टाच्या योजनांना सरकारचीच हमी आहे, तिथे पाच लाखांची रेघच नाही. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत माणशी तीस लाखांपर्यंत ठेवता येतात. त्याहून पुढे ट्रेझरी बिलं आहेत, ९१, १८२ आणि ३६४ दिवसांची. नोव्हेंबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्ट खात्यातून आपल्यासारख्यांना ती दहा हजारांपासून घेता येतात. कमी किमतीला घ्यायची, मुदतीला पूर्ण रक्कम मिळते. मधेच विकायची झाली तर मात्र बाजारभावाने विकावी लागतात.

तिसरं, मोठी बँक. स्टेट बँक, एचडीएफसी आणि आयसीआयसीआय यांना रिझर्व्ह बँकेने व्यवस्थेसाठी महत्त्वाच्या बँका ठरवलं आहे. त्यांना जादा भांडवल ठेवावं लागतं. ही लेखी हमी नाही, पण शक्यतेचा विचार करणाऱ्याला यात अर्थ आहे.

कोणी म्हणेल, "आमची बँक चाळीस वर्षं उत्तम चालली आहे." बर्ट्रांड रसेलने एका कोंबडीचं उदाहरण दिलं आहे. रोज दाणे टाकणारा हातच एक दिवस तिची मान मुरगळतो. कालपर्यंत जे घडलं, त्यावरून उद्याचं अनुमान करताना ते कशामुळे घडलं हे माहीत असावं लागतं. धुरावरून अग्नी ओळखतो तो त्यांचा नियत संबंध माहीत असतो म्हणून. इतरांपेक्षा दीड-दोन टक्के जास्त व्याज मिळत असेल, तर ते का मिळतं, हे विचारायला लाजू नये.

आणि उलट टोकही नको. पंधरा बँकांत पंधरा पावत्या केल्या आणि घरात कोणालाच पत्ता नाही, असं झालं तर बँक न बुडताही पैसे बुडाल्यासारखेच. दहा वर्षं न हललेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात. त्या परत मागता येतात, पण मागायला वारसांना ठाऊक तर हवं. आम्ही एका साध्या वहीत सगळं लिहिलंय. वही कपाटाच्या वरच्या कप्प्यात आहे, आणि ती कुठे आहे हे मुलीला सांगितलंय.

गुरुजींना शेवटी विम्याचे पाच लाख मिळाले. उरलेल्या पैशांची ते अजून वाट पाहत आहेत. बँकेची कर्जं वसूल होतील, मालमत्ता विकली जाईल, त्यातून रांगेप्रमाणे जे येईल ते. मागच्या महिन्यात त्यांच्या नातवाला पहिला पगार मिळाला. गुरुजी त्याला घेऊन आमच्याकडे आले आणि म्हणाले, "याला ते निक्षेप आणि ऋणाचं सांगा. मला उशिरा कळलं." आम्ही सांगितलं. ते आज आपल्यालाही सांगून झालं.

आता प्रश्न असतील तर विचारा. फक्त कोणती बँक चांगली, एवढं मात्र विचारू नका. त्या बाबतीत आम्ही आप्त नव्हे.